काकू, इथून उजवीकडं

याला जबाबदार भगवानराव. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. घाटनांदुरात त्यांचं नाव सहसा हारतुऱ्यांसाठीच घेतलं जातं, म्हणून इथं एकदा वेगळ्या कारणासाठी घेऊ. बाजार समितीचे सभापती. बायको गेली तेव्हा शोकसभेत माईक हातात आला आणि ते म्हणाले, "वत्सलानं जन्मात समुद्र पाह्यला न्हाई. तिच्या अस्थी मी सातासमुद्रापार नेणार!" लोकांनी शोकसभेत टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर मागं फिरता येईना. तसाही समितीचा अभ्यासदौरा इटलीला ठरलेलाच होता, कांद्याची साठवणूक बघायला. जिनोव्हा नावाच्या समुद्रकाठच्या जुन्या शहरात कांदा कुठं साठवतात, हे कुणी विचारलं नाही.

सुरज त्यांचा पुतण्या. कॉलेज अर्ध्यात सोडलेला, पण घरात इंग्रजी बोलणारा तो एकटाच, म्हणून बॅगा उचलायला त्याला बरोबर घेतलं. आईबाप लहानपणीच गेलेले. त्याला वाढवलं ते वत्सलाकाकूनं. तिचं माहेर धर्मापुरी, सासर घाटनांदूर, आणि जग म्हणजे या दोन गावांमधला रस्ता. भगवानरावांची हाक आली की "हूं" म्हणायचं आणि उठायचं. अंगात ताप असला तरी, हात पिठात असले तरी. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं सुरजचा हात धरला. "मेल्यावर तरी लांब सोड बाबा मला. परत त्या घरात न्हाई यायचं."

म्हणून सुरज गेला. नाहीतर काकांच्या बॅगा उचलायला तो बीडपर्यंतसुद्धा गेला नसता.

त्यांच्या भावकीत अस्थींची एक रीत होती. अस्थी घरात आणायच्या नाहीत, अंगणातल्या लिंबाला टांगायच्या. आणि पाण्याकडं नेताना वाटेतलं एकेक वळण मेलेल्या माणसाला सांगत जायचं, म्हणजे ते मागं राहत नाही. गोदावरीकाठी गंगाखेडला निघालेल्या जीपमध्ये पुटपुटणारी माणसं सुरजनं लहानपणापासून पाहिली होती. बाकीच्या अस्थी गंगाखेडला गेल्या, मूठभर लाल फडक्यात उरल्या. भगवानरावांनी एकही वळण सांगितलं नाही, विमानात तोंड उघडं टाकून झोपले. मग सुरजच हळूच सांगत राहिला. "काकू, मुंबई सुटली. काकू, खाली सगळं पाणी हाय..."

"सुरज्या," मागच्या सीटवरून समितीचा बंकट खिदळला, "खिडकीची सीट पाहिजे का इचार काकूला!"

जिनोव्हात दुसऱ्या सकाळी न्याहारीच्या टेबलावर भगवानरावांनी ती लाल फडक्याची गाठोडी पावाच्या टोपलीशेजारी ठेवली.

"तूच जाऊन ये बे. माझे पाय दुखायलेत. आमाला बुटाच्या दुकानात जायचंय."

"काका, साऱ्या गावासमोर तुमी बोललेत."

"बोललो न्हवं? झालं मग. एखादा फोटो काढ समुद्राचा."

सुरजनं गाठोडी उचलली. राग गिळला. "अजून काई पाळायचं असतं का? येताना-जाताना?"

पावाला मुरंबा लावता लावता भगवानराव थांबले.

"न्हाई," ते म्हणाले. "टाकायचं अन् यायचं."

सुरज निघाला तेव्हा दुपार वर चढली होती. त्या शहरात दुपारी माणसं दारं लावून झोपतात. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागाव्यात, आणि भिंती इतक्या उंच, की आभाळाची नुसती चिंधी दिसावी. त्या चिंधीखाली वाळत घातलेल्या चादरी वारा नसतानाही हलत होत्या. कुठंतरी बेसन भाजल्याचा वास येत होता, अगदी काकूच्या तव्यावरचा. कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीत देवळी आणि देवळीत निळा पदर घेतलेली बाई. "काकू, देवी हाय बघ. इथून डावीकडं. आता पायऱ्या, जपून. आता काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं देऊळ..." बोलता बोलता त्याचा राग विरघळत गेला. आपण चालतोय की कुणी आपल्याला अलगद उताराला लावलंय, हेही त्याला कळेना. काकू हयात असताना तो तिला कधी कुठं घेऊन गेला नव्हता. आज पहिल्यांदा दोघं फिरायला निघाले होते.

गल्ली संपली आणि एकदम समुद्र आला.

गोल खड्यांचा लहानसा किनारा होता. लाट मागं जाताना खडे एकमेकांवर घरंगळायचे, कुणी सूप पाखडावं तसा आवाज. सुरज गुडघाभर पाण्यात गेला. गाठ सोडली. राख पाण्यावर क्षणभर पसरली, मग निळ्यात निळी झाली. "जा काकू," तो म्हणाला. "आता कुणी हाक मारणार न्हाई." त्याला रडू आलं, आणि रडून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की तो फोटो काढायचाही विसरला.

परत फिरला आणि वाट हरवली.

आला तो उतार आता चढ झाला होता, पण चढ भलतीकडंच जात होता. फोनवरचा नकाशा उंच भिंतींमध्ये नुसता गरगर फिरत होता. सगळ्या खिडक्यांच्या हिरव्या झडपा बंद. देवळीतल्या बायका सगळ्या सारख्या. चादरी सारख्या. तो थांबला की गल्लीही कान टवकारून थांबते, असं त्याला वाटायला लागलं. तो पुन्हा त्याच पट्ट्यांच्या देवळापाशी आला, आणि धीर यावा म्हणून, नुसती दुपारपासूनची सवय म्हणून, तोंडातून निघून गेलं...

"काकू, इथून उजवीकडं."

"हूं."

मागून आलं. अगदी जवळून. दमलेलं, पिठाच्या हातांचं.

खोटं कशाला सांगायचं? आधी त्याला आनंद झाला. भीती नंतर आली. त्यानं मागं पाहिलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर तो हळूच म्हणाला, "काकू... पायऱ्या."

"हूं..."

आता त्याला वाट सापडायला लागली. तो सांगायचा, मागून हुंकार यायचा, आणि गल्ली आपोआप उलगडायची. दगडी फरसबंदीवर ओल्या पावलांचा चपचप आवाज. खारा वास. समोरून एक इटालियन म्हातारी पिशवी घेऊन आली, सुरजला वाट द्यायला भिंतीला चिकटली. तो गेला. चार पावलांवरून त्यानं कानोसा घेतला, म्हातारीची पावलं अजून वाजली नव्हती. ती अंग चोरून भिंतीलाच उभी होती, दुसरं कुणीतरी पुढं जाईपर्यंत.

हॉटेलात भगवानराव नव्या बुटांची खोकी मांडून बसले होते.

"येताना बोललास का वाटेत?"

"कावून?"

"काई न्हाई." ते खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. चेहरा दिसला नाही.

गावी आल्यावर शेजारच्या मुक्ताबाईंनी सुरजला ओसरीवर बसवून नीट विचारलं, आणि ऐकता ऐकता त्यांचा हात तोंडावर गेला. "अरं लेकरा... पाण्यावरून परतताना मुक्यानं यायचं असतं. शब्दसुदिक काढायचा न्हाई. वाट सांगितली की मेलेलं माणूस वाट धरतं. तुला सांगितलं न्हाई व्हय कुणी?"

"काकाला म्हाईत नसंल."

"त्याला म्हाईत न्हाई?" मुक्ताबाई म्हणाल्या. "त्याच्या बापाच्या टायमाला गंगाखेडहून येताना जीपमधल्या साऱ्यांना त्यानंच गप बसवलं व्हतं."

सुरज घरी गेला. भगवानराव पलंगावर पेपर वाचत पडले होते. बायको गेल्यावर चहाला बाजारात जाणारा माणूस. शेजारी स्टुलावर वाफाळता कप होता. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. फरशी ओली होती. भगवानरावांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि पेपरातून डोकं वर न काढता आत ओरडले, "मीठ पडायलंय चहात रोज! ध्यान कुठं असतंय?"

आतून आलं, "हूं."

त्या दिवसापासून सुरज तिला परत न्यायला बघतोय. तांबडं फुटल्यावर, भर दुपारी, दिवेलागणीला, सगळ्या वेळी त्यानं करून पाहिलं. दारात उभं राहून तो हळूच म्हणतो, "काकू, चल. उंबरा आला." मागं चपचप पावलं वाजतात. अंगण ओलांडतात. लिंबाखालून जातात. खारा वास त्याच्या मानेपाशी येतो. फाटकाच्या कडीला तो हात घालतो, "काकू, इथून डावीकडं..." आणि नेमकं तेव्हाच, एकदाही न चुकता, आतून भगवानरावांची हाक येते.

"अगं ए, पाणी आण."

पावलं थांबतात. जरा वेळ तिथंच थांबतात. दर वेळी मागच्यापेक्षा थोडा जास्त वेळ, असं सुरजला वाटतं. मग वळतात.

एकदा तो धावत आत गेला आणि काकांच्या छातीवर बसला. "कावून बोलावता तिला? कावून?"

भगवानरावांनी शांतपणे त्याचे हात बाजूला केले. "माझी बायको हाय बे ती," ते म्हणाले. "अन् मला तहान लागती."

पुण्याला एका गोदामात सुरजला काम लागलं होतं, खोलीही बघून ठेवली होती. तो गेला नाही. तो गेला तर त्या घरात तिला "चल" म्हणणारं कुणी उरत नाही. तो आता घाटनांदुरातच असतो, भगवानरावांच्या घरात, कायमचा.