मुंगीची शिकवणी कधीपासून?

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली तेव्हा बाईंच्या हातात काचेची बरणी होती, आणि बरणीत बेडकाची पिल्लं. अजून बेडूक न झालेली, नुसतं डोकं आणि शेपूट असलेली. लिफ्ट थांबली तरी त्यांची धावपळ चालूच होती.

बाई म्हणजे कुणी वयस्कर बाई नव्हे हं. तिशी अजून दारात उभी होती. पण घरी जीवशास्त्राच्या शिकवण्या घ्यायच्या, आणि एकदा का मुलं तुम्हाला बाई म्हणायला लागली, की दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांसाठी तुम्ही बाईच. सोबत राहणारी आत्यासुद्धा, चिडवायचं असलं की, "काय बाई?" म्हणायची.

वरून आवाज आला, "घाबरू नका. जरा वेळात वर घेतो तुम्हाला."

"मी नाही घाबरले," बाई म्हणाल्या. "बरणीतल्यांचं काही सांगू शकत नाही."

वर कुणीतरी फटीकडे सरकलं. मग, "बरणीत... कोण आहे?"

"बेडकाची पिल्लं."

"किती आहेत?"

"एका जागी उभी राहिली तर मोजीन."

वर कुणीतरी हसलं. मनापासून हसलं, आणि ते हसू लिफ्टच्या फटीतून खाली आलं. गच्चीवरच्या खोलीत त्याचा जोडीदार हातानं चाक फिरवत होता आणि लिफ्ट जराजराशी वर सरकत होती. त्यामुळे बाईंना तो माणूस असा हप्त्याहप्त्यानं दिसला. आधी बूट. मग गुडघे. मग टॉर्च धरलेला हात. आणि शेवटी, उकिडवं बसून खाली वाकलेला चेहरा... गालावर ग्रीसचा डाग आणि डोळ्यांत अजून ते मघाचं हसू.

"तुम्ही जीवशास्त्र शिकवता का?" त्यानं विचारलं. "माझी भाची आहे. पुढच्या वर्षी तिची मोठी परीक्षा. तिची शिकवणी कधीपासून सुरू करावी?"

"आधी मला बाहेर काढा."

"ते चाललंय हो. तोवर सांगा ना."

तर अशी ही गाठ पडली. भाची त्याला मामा म्हणते, पण आपण गोष्टीतल्या नायकाला मामा म्हणणं काही बरं दिसत नाही. आपण त्याला मेकॅनिक म्हणू.

संध्याकाळी मेकॅनिक हात स्वच्छ धुऊन बाईंच्या घरी आला. डाग तेवढा गालावर तसाच होता. बाईंनी तो पाहिला, सांगितलं मात्र नाही. आत्यानं चहा ठेवला आणि कान दारात ठेवले.

भाचीला घरात मुंगी म्हणत, कारण ती एवढीशी होती आणि सारखी पळत असायची. आईवडिलांची बदली झाली, पोरीची शाळा तुटायला नको म्हणून ती मामाकडे राहिली. तिला व्हायचं होतं जनावरांची डॉक्टर, आणि नेमकी जीवशास्त्रातच ती नापास झाली होती.

"शाळा सुटली की गणित, गणितावरून रसायनशास्त्र," मेकॅनिक सांगत होता. "काल जेवताना झोपली हो. हात ताटातच. आता जीवशास्त्र तेवढं राहिलंय. उद्यापासून पाठवू?"

"नको."

"मग सोमवारपासून?"

"नकोच. इतक्यात नको."

मेकॅनिकनं कप खाली ठेवला. शिकवणीची बाई आलेल्या विद्यार्थ्याला नको म्हणते, असं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"शिकवणी कधी सुरू करायची ते मी ठरवत नाही, पालकही ठरवत नाहीत," बाई म्हणाल्या. "ही बरणी घेऊन जा. पुस्तक नाही, पाठांतर नाही. मुंगीनं फक्त यांना सांभाळायचं. ज्या दिवशी ती आपणहून एखादा असा प्रश्न विचारेल, की ज्याच्यावाचून तिचं अडलंय... त्या दिवशी शिकवणी सुरू. आणि तोवर ती गणितानंतरची धावपळ थांबवा. पोरीला झोपू द्या."

"आणि मी काय करायचं?"

"दर शनिवारी मला येऊन सांगायचं, ती काय म्हणते."

आता खरं म्हणजे इतर पालक हे फोनवर सांगत. मेकॅनिकला ते सांगायचं बाई विसरल्या. विसरल्या म्हणजे... असो.

मेकॅनिक दर शनिवारी येऊ लागला. येताना आधी लिफ्ट तपासायचा, नुसतं यायला बरं दिसत नाही म्हणून. वॉचमन म्हणायचा, या लिफ्टचे एवढे लाड तिच्या जन्मात कुणी केले नव्हते.

"काय म्हणतेय मुंगी?" बाई विचारायच्या.

"म्हणते, पाण्याला वास येतो."

पुढच्या शनिवारी, "सगळ्यांना नावं ठेवलीत. एकाचं नाव माझं आहे. सगळ्यात आळशी जो आहे त्याचं."

"मग बरोबर ओळखलंय तिनं."

"मी आळशी? तुमची लिफ्ट कुणी चालती ठेवलीय?"

"तिला काही झालेलंच नाहीये. उगाच दार उघडून बघता आणि लावता."

"बघावं लागतं," मेकॅनिक कपातल्या चहाकडे बघत म्हणाला. "पुन्हा कुणी बरणी घेऊन अडकलं तर?"

आत्या स्वयंपाकघरातून खोकली. तो गेल्यावर म्हणाली, "आताशा शनिवारी केस धुतेस गं?"

"शनिवार असतो म्हणून."

"शनिवार काय, आधीही यायचा की."

एका शनिवारी तो आला आणि चहाला हात न लावता बसून राहिला. बाईंना वाटलं, पोरीचं काही बिनसलं की काय?

"काल मुंगी हसली," तो म्हणाला. "जेवताना. तो माझ्या नावाचा, एकच पाय फुटलाय म्हणून गोल गोल फिरतो, त्याची नक्कल करून दाखवली तिनं. मी... बाई, ती आमच्याकडे आल्यापासून अशी हसली नव्हती. मला वाटायचं, माझ्याकडे राहून पोर कोमेजली. बहिणीला काय तोंड दाखवू? तुम्ही नको म्हणालात, त्यानं आमचं घर वाचलं. तुमचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही."

बाईंना आजवर शिकवल्याबद्दल पुष्कळांनी धन्यवाद दिले होते. न शिकवल्याबद्दल पहिल्यांदाच कुणी दिले. त्यांना आतून इतकं भरून आलं, की त्या उठून उगीचच खिडकी उघडून आल्या. आणि ती उघडताना त्यांना स्वच्छ कळलं, की हा माणूस आपल्याला आवडतो. चांगलाच आवडतो.

इथंच घोडं अडलं.

कारण पुढच्या शनिवारी मेकॅनिक बोलता बोलता म्हणून गेला, "परवा विचारत होती, पाय आले तसं शेपूट लहान होत चाललंय, तर ते गळून पडतं की आत जातं? पडलं असतं तर पाण्यात दिसलं असतं म्हणे. तिनं सगळं पाणी गाळून बघितलं." आणि बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली.

हाच तो प्रश्न. याहून चांगला प्रश्न बाईंना कुठल्याही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. ज्या पोरीनं पाणी गाळून बघितलं, तिला उद्याच्या उद्या बोलवायला हवं होतं. पण शिकवणी सुरू झाली की मुंगी एकटी येईल, एकटी जाईल. मग शनिवारी मेकॅनिक कशाला येतोय? त्याची नि आपली ओळख म्हणजे ही एवढी बरणीपुरती...

"अजून थोडं... थांबू या," बाई म्हणाल्या.

खरं तर मेकॅनिकचा चेहरा पडायला हवा होता. तो उजळला. पण बाई तेव्हा कप विसळण्यात फार गुंतल्या होत्या.

पुढचा शनिवार तसाच गेला. त्याच्या पुढचाही. "काही विचारलं का तिनं?" "छे, विशेष काही नाही." "मग थांबू या." "हो, थांबू या." दोघं मान डोलवायचे आणि दुसऱ्या गप्पांना लागायचे. फार छान गप्पा व्हायच्या. बाई रात्री अंथरुणावर पडल्या की त्या आठवून हसायच्या, आणि मग त्यांना ते शेपूट आठवायचं, आणि हसू विरायचं.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात पाठीला दप्तर लावलेली एवढीशी मुलगी, आणि तिच्या हातात बरणी. रिकामी, घासूनपुसून लख्ख केलेली.

"मी मुंगी," ती म्हणाली. "बेडूक तळ्यात सोडले. ही तुमची बरणी. थँक्यू." आणि ती वळली.

"अगं, थांब. आत ये ना."

"नको. मामा म्हणतो, बाई म्हणाल्या अजून थांब. प्रत्येक वेळी थांबच म्हणता." तिनं दप्तराचा पट्टा ओढला. "मी त्याला रोज प्रश्न देते, बाईंना विचार म्हणून. एकाचंही उत्तर येत नाही. मी ढ आहे, म्हणून नकोय ना मी तुम्हाला? असू दे. पुढच्या वर्षी कोणते विषय घेणार, ते सोमवारी शाळेत सांगायचंय. मी जीवशास्त्र सोडतेय."

बाईंना कुणीतरी कानशिलात मारल्यासारखं झालं. आपल्या चार गोड शनिवारांसाठी आपण या पोरीचा जनावरांचा दवाखाना बंद करायला निघालो होतो, तोही तो उघडायच्या आत.

त्यांनी मुंगीचा हात धरून तिला आत आणलं आणि टेबलापाशी बसवलं. "ते गळून पडत नाही," त्या म्हणाल्या. "शरीर ते आतल्या आत वापरतं. त्या दिवसांत बेडकाचं तोंड बदलत असतं, त्याला खाता येत नाही. तेव्हा तो शेपटावर जगतो."

मुंगीचं तोंड उघडं राहिलं. "स्वतःचंच शेपूट?" मग, "म्हणून तो खात नव्हता? मला वाटलं आजारी पडला." आणि मग प्रश्नांवर प्रश्न, उन्हं उतरेपर्यंत. निघताना बाई तिला म्हणाल्या, "विषय सोडू नकोस. मला तू हवी आहेस. सोमवारी आणि बुधवारी यायचं." थांबायला का सांगितलं, हे मात्र त्यांच्या तोंडून निघेना.

शनिवारी मेकॅनिक आला. बाईंनी चहासुद्धा विचारला नाही.

"मला काही सांगायचंय. ऐकून तुम्ही उठून गेलात तरी चालेल." त्या उभ्याच होत्या. "मुंगी केव्हाच तयार झाली होती. शेपटाचा प्रश्न आला त्याच दिवशी. मला ते कळलं होतं. तरी मी थांबा म्हणाले, कारण... शिकवणी सुरू झाली असती तर तुमचं येणं बंद झालं असतं."

मेकॅनिक खुर्चीतून उठून उभा राहिला.

"तो प्रश्न माझ्या तोंडून चुकून निघाला," तो म्हणाला. "बाकीचे मी आणलेच नाहीत. ती रोज विचारायची. मी रस्त्यातच गिळून टाकायचो आणि इथे येऊन म्हणायचो, विशेष काही नाही."

"का?"

"तुम्ही थांबलात त्याच कारणासाठी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू फुटलं. पण ते फार टिकलं नाही. "तिला वाटत होतं ती ढ आहे," बाई म्हणाल्या, आणि मेकॅनिकचा चेहरा पांढरा पडला. त्याला हे ठाऊकच नव्हतं.

"तिला सांगायला हवं," तो म्हणाला.

"हो. आत्ताच."

मेकॅनिकचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मुंगी जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत होती. बाई तिच्यासमोर बसल्या आणि काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं. तू ढ नाहीस. तुझं काहीच चुकलं नाही. चुकलं माझं, आणि तुझ्या मामाचं. का चुकलं, तेही सांगितलं. मामा शेजारी उभा, मान खाली घालून, शाळेत छडी खायला उभा राहावा तसा.

मुंगी वहीवर पेन्सिल फिरवत राहिली.

"म्हणजे मी पहिल्यापासून बरोबर विचारत होते?"

"फार बरोबर."

"आणि तुम्ही थांबलात... मामासाठी?" तिनं मामाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. हे काही तिला पटलेलं दिसलं नाही. "बरं," ती म्हणाली. "पण माझे गेलेले आठवडे भरून द्यायचे. रविवारीसुद्धा शिकवायचं, आणि चहा मामानं करायचा." मग थोडं थांबून, हळू आवाजात, "मला खरं सांगितलंत ना, बरं वाटलं. मोठी माणसं असं सांगत नाहीत."

बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. जन्मात कुणाचे इतके आभार मानावेसे त्यांना वाटले नव्हते.

मेकॅनिक दारापर्यंत सोडायला आला. जिन्याच्या कठड्यावर हात टेकून उभा राहिला.

"आता शिकवणी सुरू झाली," तो म्हणाला. "शनिवारी सांगायला काही उरलं नाही."

"नाही उरलं."

"लिफ्टही ठणठणीत आहे."

"आहे." बाई दोन पायऱ्या उतरल्या. थांबल्या. मग वर बघून म्हणाल्या, "तरी या. सांगायला काही नसलं तरी या. मला तुम्ही आवडता. मुंगीला एवढं सगळं सांगितलं, आणि तुम्हाला तेवढं सांगायचंच राहिलं."

मेकॅनिकचे डोळे भरून आले. "आभारी आहे," तो म्हणाला.

"आभार काय मानताय?"

"दुसरं काही सुचत नाहीये हो. मला पण... मला तर त्या फटीतून बोलत होतो तेव्हापासून..." त्यानं हातानंच पुढचं सांगितलं. "मी रोज आलो तर चालेल?"

बाई उत्तर देणार, तेवढ्यात आतून मुंगीचा आवाज आला.

"रोज नाही. सोमवार, बुधवार आणि रविवार माझे आहेत."