सर्दी झालेला काळा कोंबडा

कोंबडा चोरीला गेलाय म्हटल्यावर धाकट्याला हसू फुटलं. अक्काने नुसतं वर पाहिलं, तसं त्याने ते खोकल्यात ढकललं. अक्का खासगी तपास करायची, आणि हा तिचा भाऊ तिची गाडी चालवायचा. बाकी सगळं त्याला जरा उशिराच कळायचं.

समोर बसलेल्या काकू एकाहत्तर वर्षांच्या. पाळायच्या सिल्की कोंबड्या. कापसासारखी पिसं आणि पायाला पाच-पाच बोटं. अकरा वर्षं जोड्या लावून लावून त्यांनी एक नर उतरवला होता, राखाडी अंगावर फिकट आडव्या पट्ट्यांचा. असा रंग दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पाळणाऱ्यांच्या संघाचा नियम असा, की नवा रंग सलग तीन वर्षं प्रदर्शनात दिसला तरच त्याची नोंद होते. दोन वर्षं झाली होती, तिसरं प्रदर्शन उद्यावर आलेलं.

"उद्या तो नसला तर पुन्हा पहिल्यापासून," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे आता आणखी अकरा वर्षं नाहीत हो."

धाकट्याचं हसू तिथेच विरलं.

काकूंच्या परसात पिंजऱ्याचं दार नीट लावलेलं होतं आणि कोंबडा तेवढा गायब. काळ्या, राखाडी, पांढऱ्यावर ठिपके असलेल्या कोंबड्या निवांत दाणे टिपत होत्या. काही तरी विचारायचं म्हणून धाकट्याने विचारलं, ठिपक्यांचा नर आणि काळी मादी अशी जोडी लावली तर निम्मी पिल्लं काळी होतात का? काकू डोळे पुसता पुसता थांबल्या. एवढ्या दुःखातही त्यांना राहवलं नाही. सगळीच्या सगळी राखाडी होतात, त्यांनी बजावलं. शंभर अंडी उबवा, काळं पिल्लू एक निघायचं नाही.

शेजारी राहणारा पुतण्या आडपडदा न ठेवता बोलला. कोंबड्यांच्या आरवण्याने त्याची झोपमोड होते आणि ती जागा त्याला गॅरेजला हवीय. त्याची नखं काळी होती, कानशिलावरही काळा डाग होता. धाकट्याने अक्काला कोपराने ढोसलं. तिने पुतण्याच्या नव्याने काळ्या झालेल्या केसांकडे पाहिलं आणि लग्न ठरलंय का, एवढंच विचारलं. गडी कानापर्यंत लाल झाला.

खाद्य आणून देणाऱ्याने सकाळी सातला कोंबडा पिंजऱ्यात पाहिला होता. त्याच्या मागोमाग संघाचे सेक्रेटरी प्रवेशपत्रिका द्यायला आले होते, असंही तो म्हणाला.

काकूंचा नर येईपर्यंत दरवर्षी पहिला नंबर सेक्रेटरींचा असे. त्यांच्या पडवीत प्रदर्शनाची धांदल चालली होती. सिल्कींना आदल्या दिवशी न्हाऊ घालायची रीतच आहे. तीन टबांत कोमट पाणी होतं, आणि त्यांची बायको टॉवेलात गुंडाळलेल्या पांढऱ्या कोंबडीला ड्रायरने वाळवत होती. आठ पक्षी चकाचक होऊन बसले होते. कोपऱ्यातल्या काळ्या कोंबड्याच्या बोटांत मात्र वाळका चिखल होता.

"याला न्हाऊ नाही घातलं?" अक्काने विचारलं.

"सर्दी झालीय. उद्या नेणारच नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"रुबाबदार आहे. घरचाच?"

"म्हणजे काय! बाप हा ठिपक्यांचा, पहिल्या नंबरवाला. आई ती काळी. आमच्याकडे बाहेरचा पक्षी येतच नाही."

अक्काने भावाला काकूंना आणायला पाठवलं. त्या आल्या, तशी ती पडवीच्या पायरीवर बसली.

"धाकट्या, काकूंनी तुला काय सांगितलं होतं?"

धाकट्याने आठवून आठवून सांगितलं. काळी मादी, ठिपक्यांचा नर, पिल्लं सगळी राखाडी. सांगता सांगता त्याचीच नजर कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे वळली.

"मग हा यांचा तरी नाही, नाही तर काळा तरी नाही," अक्का म्हणाली. "दुसऱ्याचा काळा असता तर न्हाऊ घालायला हरकत काय होती? रंग कच्चा असेल तरच पाण्याची भीती. सेक्रेटरी, बढाई मारायला तुम्ही बाप निवडलात तो नंबरवाला. बाप काळा सांगितला असतात, तर मी पुढच्या घरी गेले असते."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. तरी सर्दीचं टुमणं त्यांनी सोडलं नाही.

"कसली सर्दी? सकाळपासून एकदा शिंकला नाही तो," त्यांची बायको म्हणाली. तिने स्वतःच पिंजरा उघडला आणि कोंबडा टबात बसवला. पाणी शाईसारखं झालं. दुसऱ्या टबात राखाडी अंग दिसलं. तिसऱ्यात एकेक करून पट्ट्या उमटू लागल्या, आणि काकूंनी साबणाच्या फेसासकट त्याला छातीशी धरलं. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

पोलीस नकोत, म्हणाल्या. फक्त एक अट. उद्या रंगाची नोंद सेक्रेटरींनीच करायची, स्वतःच्या हाताने.

दुसऱ्या दिवशी भरल्या मंडपात कोंबडा टेबलावर छाती काढून उभा होता. परीक्षकांनी मान डोलावली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सेक्रेटरींनी संघाची वही उघडली. मान खाली घालून ते भराभर खरडू लागले. काकूंनी चष्मा चढवला आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"जरा सुवाच्य लिहा," त्या म्हणाल्या.

धाकट्याला हसू फुटलं. या वेळी ते दाबायला अक्काने सांगितलं नाही, कारण ती स्वतःच हसत होती.