पहिलीचा टाक

पटणार नाही, माहीत आहे. मलाही पटलं नव्हतं.

पण जिच्यासोबत हे घडलं ती माझी सख्खी आतेबहीण आहे. तिला खोटं बोलता येत नाही. लहानपणी चोरून गूळ खाल्ला तरी संध्याकाळी स्वतःच येऊन सांगायची आणि मार खायची.

तिचं नाव राजेश्री. सासर झरी, तालुका परभणी. तारीखही सांगतो. सात ऑक्टोबर दोन हजार तेवीस, शनिवार. पितृपक्षातली अविधवा नवमी.

आणि वेळ रात्रीची नव्हती…

भरदुपारची होती. अंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता, असं ऊन होतं.

राजेश्री ही भागवतची दुसरी बायको. पहिली भक्ती. भक्तीला आठव्या महिन्यात एकाएकी त्रास सुरू झाला आणि दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली. पोटातल्या लेकरासकट. लेकराचा पाळणा आधीच आणून लहान खोलीत टांगलेला होता. तो तसाच राहिला.

आमच्याकडे बिजवराला दिलेल्या पोरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. घरात नवी साडी येवो, बांगडी येवो, भांडं येवो, आधी टाकाला लावायचं आणि म्हणायचं, "हे तुझंच हाय, मी वापरते." मग वापरायचं. राजेश्री दीड वर्ष हे मुकाट्यानं करत होती. चांगल्या स्वभावाची आहे बिचारी.

तिला दिवस गेले तसा सासूनं, पार्वतीबाईंनी, तो टाक तिच्या गळ्यातून काढून देवघरात ठेवला.

"बाळंत होस्तोर गळ्यात घालायचा न्हाई."

"कामून, आत्याबाई?"

"कामून न् बिमून. न्हाई घालायचा मनलं ना?"

राजेश्रीनं पुन्हा विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

सातवा लागला. नवरात्रात डोहाळजेवण ठरलं. चुडाव्याहून माहेरची माणसं येणार होती. घटस्थापनेच्या आधी आपल्याकडे दसरा काढतातच. घरातली चिंधीन् चिंधी धुवायची, भांडी घासायची, जाळी-जळमटं काढायची. राजेश्रीनं ठरवलं, या वेळी नुसतं धुवायचं नाही. घर नवं करायचं.

खरं सांगायचं तर तिला ते घर आपलं वाटतच नव्हतं. भिंतीचा हिरवा रंग भक्तीनं निवडलेला. दाराचं तोरण भक्तीनं विणलेलं. लहान खोलीत भक्तीची पेटी. बाळ यायच्या आत हे घर आपलं झालं पाहिजे, म्हणजे बाळही आपलं राहील, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

भागवत कृषी केंद्रात कामाला, हात बेताचाच. रंगारी परवडणार नव्हता. मग तिनं चुन्यात डिंक आणि नीळ घालून भिंती स्वतः पांढऱ्या केल्या. खाली गेरूचा पट्टा ओढायचा ठरवला. जुन्या साड्या फाडून पडदे शिवले. गंजलेल्या पिंपाला उरलासुरला ऑइलपेंट मारून त्यात ज्वारी भरली. मोबाइलवर कुठली तरी बाई सांगायची, वर्षभर ज्याला हात लागला नाही ते घरात ठेवू नका. राजेश्रीला ते फार पटलं होतं.

भक्तीच्या पेटीला तीन वर्षं कुणाचा हात लागला नव्हता.

त्या शनिवारी सकाळी शेजाऱ्याचा टेम्पो मोकळा मिळाला. गोधड्या, वाकळा, सतरंज्या सगळं लादून पार्वतीबाई, सासरे किशनराव आणि भागवत नदीवर धुवायला निघाले. गरोदर बाईनं नदीवर जायचं नसतं, म्हणून राजेश्री एकटी घरी.

खरं तर त्या दिवशी भक्तीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. सवाष्णपणी गेलेल्या बायांची तिथी ती. दर साली घालायचे.

"औंदा टेम्पो आजच गावलाय," पार्वतीबाई चढता चढता म्हणाल्या. "सर्वपित्रीला उरकू समदं."

टेम्पो गेला. थोड्या वेळानं भांडेवाली आली, सुलाबाई. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. परगावची होती, त्या गल्लीत पहिल्यांदाच आलेली. राजेश्रीनं पेटी उघडली. आत चार साड्या, नीट घडी घातलेल्या. तिनं घड्या न मोडता तशाच उचलून दिल्या आणि झाकणाचं एक पातेलं घेतलं.

टाकाला दाखवलं नाही. विचारलंही नाही.

दुपारचे बारा वाजून गेले. स्वयंपाकघरातली मांडणी राजेश्रीनं सकाळीच लावली होती. मोठे डबे खाली, लहान वर, ताटं उभी, ग्लास उताणे. तिच्या माहेरी लावतात तशी. आता ती पुढच्या खोलीत बसून गेरूचा पट्टा ओढत होती.

घर रिकामं होतं. अंथरुणं नाहीत, कपडे नाहीत. स्वतःचा श्वासही मोठा ऐकू येत होता.

आणि मग…

ठक.

स्वयंपाकघरातून. भांडं फळीवर ठेवल्याचा आवाज.

मांजर असेल. तिनं हात थांबवला नाही.

ठक… ठक… ठक…

सावकाश. एकामागून एक. मांजर असं करत नाही.

"कोण हाय?"

आवाज थांबला.

ती भिंतीला धरून उठली. दारातून आत पाहिलं. कुणी नव्हतं. मागच्या दाराला कडी तशीच.

पण मांडणी…

मांडणी बदललेली होती. लहान डबे खाली, मोठे वर. ताटं आडवी, एकावर एक. ग्लास सगळे पालथे, एका ओळीत. फक्त शेवटचा एक उताणा.

त्या ग्लासात पाणी होतं. काठोकाठ.

राजेश्री मागं सरकली. तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. ती जवळजवळ धावतच गेली. दारात सुलाबाई उभी होती, घामानं निथळत, हातात त्याच साड्यांचं गाठोडं.

"हे घे माय तुझं. पातेलं बी ठेव. आसा येव्हार मला नको."

"का? काय झालं?"

"तुमच्या घरातल्या दुसऱ्या बाईनं लय बेजार केलं. पार मारुतीच्या पारापस्तोर माझ्या मागं मागं. परत दे म्हनायली. त्यात माझ्या लेकराचं हाय म्हनायली."

"घरात दुसरी बाई न्हाई मावशी. मी एकटीच हाव."

सुलाबाईनं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. बघत राहिली. मग डोईवरचा पदर घट्ट ओढला.

"मग ती आत कोन उभी हाय?"

राजेश्रीनं गर्रकन मागं वळून बघितलं. पांढऱ्या भिंती. रिकामी खोली.

परत वळली तर सुलाबाई निम्म्या गल्लीत पोहोचली होती. पाटी डोक्यावर घेऊन पळत होती. पुन्हा ती झरीत कधी आली नाही.

राजेश्रीनं गाठोडं सोडलं. साड्यांच्या घड्या एकेक करून उलगडल्या. तिसऱ्या साडीच्या घडीत एक कुंची निघाली. पिवळी, कडेला निळ्या दोऱ्याची वेल. बाळासाठी हातानं शिवलेली. एका बाजूची वेल अर्धीच राहिली होती आणि सुई अजून कापडात टोचलेली होती.

तिला रडू कोसळलं. भीती होतीच, पण त्याहून वाईट वाटलं. एका आईचं लेकराला शिवलेलं कापड आपण पातेल्यावर दिलं.

आता ती रागावली. आता ती माझ्या बाळाला काही करेल.

एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि पहिलीला शांत करायचा एकच मार्ग तिला माहीत होता. दीड वर्ष तोच तर करत आली होती.

ती देवघरापाशी गेली, टाक उचलला आणि काळ्या दोऱ्यासकट गळ्यात घातला. मग मांडणीला हात लावला, टाकाला लावला.

"ही मांडणी तुझीच हाय."

भिंतीला हात लावला.

"हे घर तुझंच हाय."

साड्या, कुंची, पेटी. शेवटी लहान खोलीतला पाळणा. एकेकाला हात लावत, रडत ती सगळ्या घरात फिरली. दोरा लांब होता. चालताना टाक खाली लोंबून तिच्या पोटावर टेकत होता. तिच्या ध्यानातही नव्हतं.

"माझं चुकलं बाई. जे जे हाय ते समदं तुझंच हाय. मी नुसती वापरते."

घर शांत झालं.

पोटात बाळानं एक लाथ मारली. जोरात. मग तेही शांत झालं.

राजेश्रीला एकदम मोकळं वाटलं. तिला वाटलं, ऐकलं तिनं.

ऐकलंच होतं.

दिवस कलताना टेम्पो आला. पार्वतीबाई ओल्या गोधड्या घेऊन आत शिरल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

"ही मांडणी कुणी लावली?"

पार्वतीबाई फळीपाशी गेल्या.

"भक्ती आशी लावायची. येक गलास उताना, पानी भरून. पोटुशी व्हती तवा सारखी तहान लागायची तिला." बोलता बोलता त्यांची नजर सुनेच्या गळ्यावर गेली. हातातली गोधडी खाली पडली. "टाक कुनी घातला तुला?"

राजेश्रीनं सगळं सांगितलं. शब्दन् शब्द.

म्हातारीनं तिच्या गळ्यातला दोरा ओढून तोडला. कितीतरी वेळ ती सुनेच्या पोटाकडे बघत बसली.

"समदं मनलीस?" तिनं शेवटी विचारलं.

"हो."

दुसऱ्याच दिवशी पार्वतीबाईंनी भक्तीच्या नावानं दोन सवाष्णी जेवू घातल्या. डोहाळजेवण चुडाव्यालाच करा म्हणाल्या आणि राजेश्रीला माहेरी धाडून दिलं. कारण कुणालाच सांगितलं नाही.

डिसेंबरात राजेश्री बाळंत झाली. सुखरूप. मुलगा, पावणेतीन किलो. आम्ही दवाखान्याबाहेर पेढ्याचा पुडा घेऊन उभे होतो. नर्सबाई बाहेर आल्या, मुलगा झाला म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा कसनुसा होता.

बाळ रडलं नव्हतं.

म्हणजे रडत होतं. तोंड उघडत होतं, लाल होत होतं, मुठी आवळत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं…

आवाज नव्हता.

नांदेडला दोन डॉक्टर झाले. गळा ठीक, कान ठीक, फुफ्फुसं ठीक. "येईल आवाज, थांबा," म्हणाले. बाळाचं नाव गोपाळ ठेवलं. बारशालाही तो गप्पच होता.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी राजेश्रीला पार्वतीबाईंचा फोन आला.

"पोरी, लेकरू कुटंय?"

"इथंच की, माझ्यापाशी. झोळीत."

"उठलंय का?"

"थांबा, बघते." राजेश्री उठत होती, तेवढ्यात तिला फोनमध्ये मागून एक आवाज आला. लहान बाळ रडत होतं. अगदी तान्हं. "आत्याबाई, घरी कुणाचं लेकरू आलंय?"

"कुनाचंच न्हाई." म्हातारीचा आवाज चिरकला. "लहान खोलीत रडायलंय. तू बाळंत झालीस तवापासून. दार उगडलं की कुनीच नस्तंय. म्या कुनाला सांगितलं न्हाई पोरी. आज न्हाई ऱ्हावलं."

राजेश्रीनं झोळीत वाकून बघितलं.

गोपाळ जागा होता. तोंड उघडं, चेहरा लाल, मुठी वळलेल्या. त्यानं श्वास घ्यायला तोंड मिटलं… फोनमधलं रडणं थांबलं. त्यानं पुन्हा तोंड उघडलं…

फोनमधलं बाळ रडायला लागलं.

मग तिकडं पाळण्याची कडी वाजली. कर्र… कर्र… कर्र… कुणीतरी सावकाश झोका देत होतं. कुणीतरी बाई गुणगुणत होती. तो पार्वतीबाईंचा आवाज नव्हता. फोनमधलं रडणं हळूहळू कमी झालं.

इथं गोपाळनं तोंड मिटलं. डोळे मिटले. झोपेत गोड हसला.

राजेश्रीचा हात हवेतच राहिला होता. तिनं झोळीला हातसुद्धा लावला नव्हता.

त्यानंतर राजेश्री झरीला गेली नाही. भागवत महिन्यातून दोनदा येतो, लेकराला खेळवतो, परत जातो. टाकापुढं माफी मागून झाली. भटजी झाले, एक जाणती बाई झाली. "जे दिलं ते मी परत घेते," असं राजेश्रीनं चुडाव्याच्या घरात मोठ्यानं ओरडून बघितलं. काही फरक पडला नाही.

"दादा," ती मला एकदा म्हणाली, "समदं मनताना माझ्या डोळ्यापुढं नुसती भांडीच व्हती रे."

गोपाळ आता दोन वर्षांचा होत आला. गुटगुटीत आहे, हसरा आहे, दुडूदुडू पळतो. पडला की राजेश्रीकडे येत नाही. आहे तिथंच बसतो, मान एका बाजूला करतो, आणि कुणीतरी समजूत काढल्यासारखा गप्प होतो.

मागच्या महिन्यात पार्वतीबाईंचा पुन्हा फोन आला. त्या वेळी मी तिथंच होतो. राजेश्रीनं फोन स्पीकरवर टाकला.

"लेकरू बोलायला लागलं, पोरी."

राजेश्रीनं अंगणात बघितलं. गोपाळ मातीत खेळत होता. त्याचे ओठ हलत होते.

"काय बोललं?" तिनं विचारलं.



"आई मनलं," म्हातारी म्हणाली. "खोलीत… आई मनलं. अन् आतून कुनीतरी ओ दिली."

राजेश्रीनं फोन बंद केला आणि भाकरी थापायला गेली. मी गोपाळला कडेवर घेतलं. तो माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होता, भराभरा, मन लावून.

मी त्याच्या ओठांकडे बघितलं नाही.