शांत होऊन आलेला

आटगावची रुपाली हे कुणाला सांगत नाही.

तिच्या नवऱ्याचा, दीपेशचा, राग सगळ्या आळीला माहीत होता. भात जरा गिचका झाला की ताट भिंतीवर जायचं. कामावरच्या कुणीतरी त्याला सांगितलं, एकटाच लांब चालून ये, डोकं शांत होतं. दिवाळी सरल्यावर त्यानं पाठीवर पिशवी टाकली आणि शहापूर, मुरबाड करत धसईच्या पुढं डोंगराकडं पायीच निघाला. निघतानाही, डबा वेळेत भरला नाही म्हणून, त्यानं तिचं मनगट पिरगाळलंच. तो नव्हता तेवढे दिवस मायलेकी पोटभर झोपल्या.

परत आला तो निराळाच. उंबऱ्याबाहेर हळूच बूट काढले. पाणी मागितलं नाही, स्वतः घेतलं. अळणी आमटी गुपचूप जेवला. रुपालीला वाटलं, देव पावला. फक्त त्याच्या अंगाला घामाचा वास नव्हता. ऊन न लागलेल्या दगडासारखा, कुजत्या पानांसारखा गार वास यायचा. तिन्हीसांजेला डास सगळ्यांना फोडून काढायचे, त्याच्यावर एकही बसत नव्हता. पहिलीतली अक्षदा, बडबडी पोर, त्याच्या छातीवर डोकं टेकून पडली आणि लगेच उठून आईकडं आली.

"आई, पप्पांच्या आत नुसता वारा वाजतो."

रुपालीनं तिला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. धसईच्या वरच्या पाड्यावरून सावळी नावाची कुणी बाई बोलत होती.

"बाय, तुझा घरवाला आमच्या पाड्यावं हाय. जेवत नाय, नुसता शिव्या देतो नि रडतो. न्यायला ये गो."

रुपालीनं सांगितलं, माझा नवरा घरात आहे. होताच तो समोर, भिजवलेले वाल सोलत बसलेला. इतक्यात पलीकडं कुणीतरी फोन हिसकावला.

"रुपे... मी हाय. मला वरच ठेवून ते खाली उतरलं गो... ते मी नाय..."

आवाज त्याचाच. तोच खरखरीत आवाज, जो कानावर पडला की तिचं अंग आपोआप आखडायचं. आत्ताही आखडलं. मनगटावरचा काळानिळा डाग कुठं आता पिवळा पडू लागला होता. तिनं डागाकडं पाहिलं, मग समोर बसलेल्याकडं.

"राँग नंबर," ती म्हणाली, आणि तो नंबर ब्लॉक केला.

तिला रडू आलं नाही. उलट हलकं वाटलं.

समोरच्यानं सोललेले वाल तिच्यापुढं सरकवले, हात धुतले आणि दाराशी गेला. बराच वेळ आला नाही म्हणून ती बघायला गेली. अक्षदाचे शाळेचे बूट पुसून, नाड्या सैल करून, त्यानं उंबऱ्याबाहेर ठेवले होते. टोकं डोंगराकडं. शेजारी भरलेली पाण्याची बाटली.

"उद्या हिला नेतो चालायला," तो मऊ आवाजात म्हणाला. "लय बोलते ती."