डाव्या हाताचा दिवा

नाचणगावात तानबाच्या वांग्यांचं नाव होतं, तसंच त्याच्या जिभेचंही. चारचौघांत बायकोची फिरकी घेतल्याशिवाय गड्याला घास गोड लागत नसे. रंभा बिचारी हसण्यावारी न्यायची.

लग्नाच्या वर्षी जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. जुना, मुका. एक म्हातारी रोज सांजेला दिवा लावून लेकाची वाट पाहते, बस, एवढंच. मधे पडदा टांगलेला, पुरुष पुढं, बाया मागच्या अंगाला पोती अंथरून. पुरुषांनी शिट्ट्या मारल्या, बायांनी डोळे पुसले. घरी येता येता रंभा म्हणाली, "किती मायेनं दिवा लावते जी ते बुढी! डाव्या हातानं."

"डाव्या हातानं कोणी दिवा लावते का वं? झोपली असशीन पोत्यावर!" तानबा पोट धरून हसला. मग जन्मभर पाहुण्यांपुढं हीच गोष्ट. हळूहळू रंभानं सिनेमाचं नाव काढणंच सोडलं. मागच्या पोळ्याला ती गेली.

परवा नात रोशनीनं तोच सिनेमा मोबाइलवर हुडकला आणि कुठून तरी प्रोजेक्टर मागून आणला. दिवेलागणीला अंगणात चादर बांधली. चादरीची गाठ सुटली म्हणून तानबा मागं गेला आणि जागीच थबकला. मागून पाहिलं तर म्हातारी डाव्या हातानं दिवा लावत होती.

मागून उलटंच दिसणार की! अरेरे, खरं बोलत होती बिचारी. एकदा उठून तिच्या बाजूला जाऊन पाहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

तो पुढं येऊन रोशनीशेजारी खाटेवर बसला. "पहिल्यापासून लाव बरं, पोरी."

पुन्हा पडद्यावर सांज झाली. म्हातारीनं दिवा लावला. डाव्या हातानं.

"रोशनी, उलटं लावलं का तू?"

"नाई आबाजी. काऊन?"

"कोणता हात हाय तिचा?"

"उजवा."

आवाज शेजारून आला नाही. चादरीच्या पलीकडून आला.

तानबानं हात टेकला. हाताला खाटेची नवार लागली नाही, पोतं लागलं.

मान वळवायचा त्याला धीर झाला नाही. "तुह्यंच खरं होतं वं, रंभा," तो पुटपुटला. "चुकलं माह्यं."

बांगड्या वाजल्या.

"सरका जी जरासे," कानाशी ओळखीचा आवाज आला. "मागच्या बायांले दिसून नाई राह्यलं."