तळहातावरची साखर

उजेडखोलीच्या भिंतीवर ऋजुताला स्वतःचं हृदय दिसलं आणि तिची पाचावर धारण बसली. अख्खं हृदय पांढरंफटक पेटलं होतं.

नडगीवरच्या चार लालसर गाठींसाठी एवढं रामायण! पण आता कायदाच तसा होता. सारकॉइडोसिस या आजाराच्या गाठी कातडीवर उठल्या की हृदयही उजेडखोलीत दाखवायचं. हृदय ठीक असल्याचा दाखला नसेल तर गडावरच्या रोपवेचं यंत्र चालकाचा हातच ओळखत नसे, आणि ऋजुता त्या रोपवेची चालक होती.

“सगळंच नासलंय का हो, डॉक्टर?”

डॉ. तांबोळींनी भिंतीवरची नजर काढली नाही. “सकाळी काय खाल्लंत?”

“काही नाही. कालपासून नुसती अंडी आणि पनीर, तुम्ही सांगितलंत तसं. निघताना आईनं तेवढी दही-साखर दिली हातावर. तिचा हात जरा सढळच आहे.”

“तिथंच घोळ झाला. तुम्हाला टोचली ती दीपशर्करा, म्हणजे चमकणारी साखर. साखर बंद केली की निरोगी हृदय चरबीवर भागवतं आणि काळोखं राहतं. गाठींतल्या पेशी मात्र साखरेला हपापलेल्या, त्या तेवढ्या चमकतात. तुम्ही साखर खाल्लीत, मग सगळं हृदयच ती ओढू लागलं.”

ऋजुताचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे गाठी नाहीत?”

“या उजेडात ते कळतच नाही. असल्या तर हृदय एखाद्या दिवशी न सांगता थांबेल. दिसल्या तर औषध आहे, पण रोपवे कायमचा सुटला. परवा पुन्हा या. तोवर तात्पुरता दाखला देते.”

परवाच्या सकाळी आईनं साखरेचा डबा पार वरच्या फळीवर सारला होता. “माझंच चुकलं गं बाई. आज कोरड्या हातानंच जा.”

ऋजुता चपला घालून दारात थबकली. तिच्या डोळ्यांपुढून साखरेविना दिसणारी ती काळोखी भिंत हलेना. त्या काळोखात एखादी जरी ठिणगी दिसली तर? तिला भयंकर भीती वाटत होती. तिनं मागं फिरून डबा खाली काढला.

“आई, दही-साखर दे.”

“अगं, पण डॉक्टरीणबाई...”

“दे ना. मला नाही बघायचं.”

आईनं चमचा भरला. तिलाही बघायचं नव्हतं.

तळहात चाटताना ऋजुताच्या छातीत काहीतरी थांबलं आणि धपकन पुन्हा सुरू झालं. तिनं चौकट धरली. भीतीनंच होतं असं, तिनं स्वतःला बजावलं.

उजेडखोलीत हृदय पुन्हा अख्खं पेटलं, तात्पुरता दाखला वाढला, आणि तिच्या दुपारच्या पहिल्या फेरीला शाळेची सहल होती.