बांधावरची हजेरी

तीस वर्षं पनवेलच्या शाळेत हजेरी घेतली मी. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला सरळ वर्गाबाहेर काढायचो. घरीही तोच खाक्या. भाविका माझी एकुलती एक, आईविना वाढलेली. तिला सांगून ठेवलं होतं, हाक एकदाच मारीन, ओ लगेच आली पाहिजे. यायचीही बिचारीची.

तिच्या हळदीच्या दिवशी सकाळी गुणाबाई मला बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावर घेऊन गेली. गुणाबाई आमच्या गावची धवलारीण, लग्नात देवांना नि पितरांना गाऊन आवतण देणारी. बांधावर स्मारक आहे, त्यावर नऊ नावं. दुसऱ्या महायुद्धाच्या साली गावाने सरकारला होड्या दिल्या नाहीत, म्हणून गोऱ्या साहेबाने कागद वाचून एकेकाला हाक मारली. ओ देत जो घराबाहेर आला, त्याला इथे उभा करून गोळी घातली. तिसरं नाव माझ्या आज्याचं.

गुणाबाईने नारळ ठेवला. "बांधावरच्या बाबांनो, हलदीला या," एवढंच म्हणाली.

"अगं, नावं घे की! कोरलीत कशाला मग?"

"नाय गुरुजी. यांना नावानं कोनी बोलवत नाय."

"काहीतरीच तुझं!" मी चष्मा लावला आणि हजेरीच्या खणखणीत आवाजात नऊच्या नऊ नावं वाचली.

वारा पडला. रिकाम्या मिठागरातून कुणीतरी "ओ" दिली.

गुणाबाईने मला बांधावरून मागे ओढलं. "सायबासारखं वाचलंत तुमी," म्हणाली.  मी हसलो नाही.

दुपारी चारला भाविका पाटावर बसली. मी शेजारी, तिचा हात माझ्या हातात. डीजेवाला अजून वायरी जोडत होता. तेवढ्यात खाडीकडून कुणीतरी नावं वाचू लागलं. एक नाव, मग ओ. दुसरं नाव, मग ओ. बायकांचे हळदीचे हात थांबले. गुणाबाईचं गाणं अर्ध्यावर तुटलं.

आवाज माझा होता.

नऊ झाली. भाविकाला "बोलू नकोस" म्हणायचं होतं. जीवाच्या आकांताने म्हणायचं होतं. जीभ उचललीच नाही.

"भाविका कमळाकर."

"ओ! आले पप्पा!" ती खाडीकडे बघून म्हणाली.

माझ्या मुठीत ओली हळद तेवढी राहिली.

रोज चारला हजेरी होते. आता दहा नावं असतात. दहाव्याला ओ लगेच येते.